पाऊलखुणा नसलेली दारं

घरं बघायची तर फेब्रुवारीत, म्हणाली बर्निस पालूच,
उन्हाळ्यात टोलीडोतलं प्रत्येक घर गोड बोलतं.

सकाळी सात. तिची जुनी ब्यूइक, हीटर अर्धा मेलेला.
रात्री आठ इंच बर्फ पडलेला, आणि आम्ही
लाग्रँज रस्त्याने चालत्या माणसाच्या वेगाने.
तिनं काचेवर बोट टेकवलं: ते बघ,
फाटकापासून दारापर्यंत एक पाऊल नाही.
पोस्टमनचंसुद्धा.
लिही.
मी लिहिलं: बाराशे सात.

मग छपरं वाचायला शिकवलं.
सगळ्यांवर पांढरी जाड गोधडी, एकावरच मधोमध ओला काळा डाग.
ऊब वरून पळतेय, म्हणजे आत कुणीतरी आहे
आणि गॅसच्या बिलाशी झगडतंय.
त्याला पत्र टाक. हातानं लिहिलेलं.
छापील कार्डं लोक फेकतात. मीही फेकते.

काउंटीच्या कचेरीत थकलेल्या करांची यादी.
दोन वर्षं थकलेली नावं घे, म्हणाली, एक वर्षवाली सोड,
एका वर्षात माणूस अजून आशेवर असतो.
हे इतक्या सहज
की माझी कॉफी घशातच राहिली.

पैशाचं काय, मी विचारलं.
बसडेपोतली नोकरी सोडू नकोस.
बँकेला तू दिसत नाहीस, तुझ्या पगाराच्या पावत्या दिसतात.
आणि खासगी सावकार?
बारा टक्के, वर तीन आधीच कापून, मुदत सहा महिने.
तो वाईट माणूस नव्हे रे, तो घड्याळ आहे.
तू भिंत फोडतोस, आत कुजका पाइप निघतो,
घड्याळ काही थांबत नाही.

हिशोब शेवटाकडून कर:
दुरुस्त करून नव्वद हजारांना जाईल.
त्याचे सत्तर टक्के, त्रेसष्ट.
छप्पर, भट्टी, वायरिंग: अठ्ठावीस वजा.
उरले पस्तीस. त्यावर एक डॉलर बोललास
तर तो तुझ्या मुलीच्या बुटांतला.
आणि गटाराच्या नळीत कॅमेरा घाल, दोनशे लागतात.
मी एकदा वाचवले ते दोनशे.
मेपलच्या मुळांनी साडेसात हजार खाल्ले.

नदीपलीकडे एक निळा व्हरांडा दाखवला.
म्हातारा एर्नो ताकाच. बँक नाही, काही नाही,
त्याचंच घर, त्याचंच कर्ज.
महिना तीनशे दहा, सात वर्षं,
एक तारखेला मी स्वतः नेऊन द्यायची.
तो मोजायचा नाही, फक्त सांगायचा
कुठला नळ रात्री कण्हतो, कुठली खिडकी फुगते.
विकणाराच सावकार असला
की व्याजाच्या बदल्यात घर कळतं.

परतताना तिनं एक गल्ली टाळली.
लांबचा वळसा. मी काहीच विचारलं नाही.
दोन सिग्नल गेल्यावर तीच म्हणाली:
अकरा हजारांना घेतलं होतं तिथलं.
त्या बाईला किंमत ठाऊक नव्हती, मला होती.
सह्या, साक्षीदार, सगळं कायदेशीर.
मागे एकही गाडी नसताना
इंडिकेटर लावला तिनं.

संध्याकाळी बाराशे सात.
पत्र खिशात, गुडघाभर बर्फातून
पहिली पावलं माझीच.
फटीतून पत्र सरकवलं, तर ते
पलीकडून कुणीतरी ओढून घेतलं.
पोस्ट का? बाईचा आवाज, गंजलेला.
पाच दिवस कुणी आलं नाही.

मी मागे बघितलं. बर्निसनं वही मिटली,
डिकीतून फावडं काढलं, एक माझ्याकडे टाकलं,
एक स्वतः घेतलं, वय एकाहत्तर.

त्या दिवशी भाव विचारला नाही.
पुढच्या मंगळवारी विचारला.
पस्तीसवर अडखळलो,
आणि छपराची खरी किंमत काय होईल
तीही बाईंना कागदावर मांडून दाखवली.
बाई म्हणाल्या, विचार करते.
अजून करतायत.